येनची खूण आणि ध चा मा

जपानी भाषेत 'ओमोते' म्हणजे पुढची बाजू आणि 'उरा' म्हणजे मागची. नाण्याला, कागदाला, कापडाला, घराला, इतकंच काय माणसांच्या वागण्यालाही इथं ओमोते आणि उरा असतात. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी हे दोन शब्द मला चांगलेच महागात पडले.

काम तसं साधं होतं. पोलादाच्या पातळ पत्र्यावर लेप द्यायचा, पत्रा भट्टीत तापवायचा आणि मग दोन्ही बाजूंनी लेपाची जाडी मोजायची. प्रत्येक पत्र्याच्या दोन नोंदी, म्हणजे 'सतरा ओमोते', 'सतरा उरा', 'अठरा ओमोते', असं. मोजणीचं यंत्र जुनं, त्याला जोडलेला संगणक त्याहून जुना, आणि नोंदी डेटाबेसमध्ये टाकणारा प्रोग्राम माझ्या कितीतरी आधी पास होऊन गेलेल्या कुणा विद्यार्थ्यानं लिहिलेला. तीन आठवडे मोजत बसलो. आलेख सुरेख आला. जाडी कशी एकसारखी, कुठे फारसा चढउतार नाही. लॅबच्या सेमिनारमध्ये छाती पुढे काढून दाखवला. सेन्सेईंनी (म्हणजे आमच्या प्राध्यापकांनी) बराच वेळ आलेखाकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "ओमोते वा दोको देसु का?"

पुढची बाजू कुठे आहे?

परत जाऊन मोजलं. पत्रे १२०, मोजण्या २४०, डेटाबेसातल्या नोंदी १२०. सगळ्याच्या सगळ्या 'उरा'. 'ओमोते' एकही नाही! पुढची नोंद टाकताना दर वेळी डेटाबेस चूक दाखवत होता आणि तो जुना प्रोग्राम ती नोंद टाकून देऊन मुकाट्यानं पुढे सरकत होता. माझी जाडी एकसारखी होती, कारण मी पत्र्याची एकच बाजू बघत होतो.

लॅबमधल्या एका सेन्पाइंनी (थोरल्या विद्यार्थ्यानं) माझ्या खांद्यावरून स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, "आऽ, दामे मोजी."

'मोजी' म्हणजे अक्षर. 'दामे' म्हणजे नाही चालायचं, बाद, नालायक. नालायक अक्षर! ज्या देशात माणसं एक अक्षर नीट यावं म्हणून वर्षानुवर्षं कुंचला घोटवतात, तिथं अक्षराला अशी शिवी? मी चकित झालो. मग हळूहळू या शिवीचा इतिहास खणत गेलो. तो इतका मजेदार आणि इतका आपल्या जवळचा निघाला की तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. संगणकाशी फार ओळख नसली तरी चालेल. गोष्ट अक्षरांची आहे.

*

आधी थोडी पार्श्वभूमी. डेटाबेसशी बोलायची भाषा म्हणजे एसक्यूएल. आयबीएममधल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये ती मांडली, तेव्हा तिचं नाव 'सीक्वेल' होतं. १९८६ मध्ये अमेरिकेत आणि त्यापुढच्या वर्षी जगभरासाठी तिचं प्रमाणरूप ठरलं. या भाषेतलं प्रत्येक वाक्य हा एक हुकूम असतो. अमुक तक्त्यात ही नोंद घाल, तमुक नावाचा माणूस शोध, असा. पण हुकमाच्या पोटात माणसाचा मजकूरही येतो. नाव, गाव, पत्ता, तक्रार. हुकूम कुठे संपला आणि मजकूर कुठे सुरू झाला हे यंत्राला कसं कळणार? त्यासाठी मजकुराला दोन्ही बाजूंनी एकेरी अवतरणचिन्हं लावतात. अवतरणचिन्हांतल्या अशा मजकुराला 'लिटरल' म्हणतात. म्हणजे 'जसाच्या तसा घ्या, अर्थ लावू नका'.

आता माझा एक वसईचा मित्र आहे, आडनाव डिमेलो. मराठीत काहीच भानगड नाही. इंग्रजीत मात्र 'डी'च्या डोक्याशेजारी एक लटकती खूण येते, अॅपॉस्ट्रॉफी. गोव्यातले आणि वसईतले बरेच डिसूझा, डिसिल्वा ही खूण मिरवतात. संगणकाच्या लेखी अॅपॉस्ट्रॉफी आणि एकेरी अवतरणचिन्ह एकच, दोघांचा क्रमांक ३९. त्यामुळे डिमेलोचं नाव लिटरलमध्ये घातलं की 'डी'पाशीच मजकूर संपला असं यंत्राला वाटतं आणि उरलेला 'मेलो' हा हुकमाचाच भाग समजून ते गोंधळतं. अनेक ठिकाणी फॉर्म भरताना 'आडनावात अवैध चिन्ह आहे' असं उत्तर त्याला मिळालंय. "अरे, चारशे वर्षांचं आडनाव आमचं, आणि ते अवैध?" असं तो हसत हसत म्हणतो. हसत असला तरी त्याच्या पासपोर्टवर एक स्पेलिंग आणि बँकेत दुसरं, हा ताप खराच.

यावर उपाय दोन. पहिला एसक्यूएलच्या प्रमाणरूपातला, की मजकुरात अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं. लागोपाठ दोन दिसली की यंत्रानं समजायचं, हा शेवट नव्हे, ही नावातलीच खूण आहे. दुसरा उपाय 'सी' भाषेच्या वळणाचा. अवतरणचिन्हाच्या आधी उलटी तिरकी रेघ, म्हणजे बॅकस्लॅश, लावायची. बॅकस्लॅशचा अर्थ 'पुढच्या चिन्हाचा नेहमीचा अर्थ सोडा'. मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेसक्यूएल (लाडानं पोस्टग्रेस) हे १९९० च्या दशकात फुकट मिळू लागलेले आणि म्हणून जगभर पसरलेले डेटाबेस. त्या दोघांनी हा दुसरा उपायही चालवून घेतला, आणि प्रोग्रामर लोकांच्या हातात तोच बसला.

दोन्ही उपाय इंग्रजीपुरते ठीक. जपानात मात्र दुसऱ्या उपायानं घात केला. का, ते समजायला १९६९ मध्ये जावं लागेल.

*

संगणकाच्या सुरुवातीच्या अक्षरसंचात, म्हणजे आस्कीमध्ये, १२८ जागा. तिथं ९२ व्या जागेवर बॅकस्लॅश बसतो. हे चिन्ह आस्कीत आणलं बॉब बीमर नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी, १९६० च्या दशकाच्या आरंभी. या संचाच्या आंतरराष्ट्रीय आवृत्तीत काही जागा त्या त्या देशाला आपल्या गरजेची चिन्हं ठेवायला मोकळ्या सोडल्या होत्या. जपाननं १९६९ मध्ये आपलं प्रमाणपत्रक काढलं तेव्हा ९२ व्या जागेवर कुणाला बसवलं? येनच्या खुणेला. बरोबरच आहे, हिशेब लिहिणाऱ्या देशाला आपल्या चलनाची खूण नको का? बॅकस्लॅश घेऊन कुणाचं पोट भरतंय? कोरियानंही पुढे त्याच जागी आपल्या वोनची खूण बसवली.

याच १९६९ च्या संचात आणखी एक गोष्ट होती. १६१ ते २२३ या वरच्या जागांवर कातकाना ही लिपी बसवली होती, अरुंद ठशाची. कांजी, म्हणजे चिनी वळणाची चित्राक्षरं, यांत मावणं शक्यच नव्हतं. एका बाइटमध्ये २५६ च घरं. म्हणून बँका, वीज कंपन्या, सगळीकडे बिलं त्या अरुंद कातकानात छापत. आपल्याकडे वीजबिलावर आजोबांचं नाव मोडक्या इंग्रजी स्पेलिंगात यायचं ना, तसंच.

१९७८ मध्ये कांजींचं पहिलं प्रमाणपत्रक निघालं. त्यात कांजी ६,३४९. प्रत्येक अक्षराला दोन बाइट, म्हणजे ९४ ओळी आणि प्रत्येक ओळीत ९४ घरं असा मोठा तक्ता. कागदावर सुंदर. पण १९८० च्या दशकाच्या तोंडावर घरगुती संगणक आले आणि प्रश्न उभा राहिला. जुना कातकानातला सगळा मजकूर तसाच चालला पाहिजे, इंग्रजी तसंच चाललं पाहिजे, आणि त्यातच कांजीही मिसळता आली पाहिजे. १९८२ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट, त्यांची तेव्हाची जपानी भागीदार आस्की कंपनी वगैरेंनी यावर तोडगा काढला. नाव 'शिफ्ट जिस'. शिफ्ट म्हणजे सरकवलेलं.

हा तोडगा इंजिनियर म्हणून मला फार आवडतो, म्हणून जरा आकडेमोड करतो. कातकानानं १६१ ते २२३ ही मधली पेठ अडवलेली. तिला न हलवता कांजीच्या पहिल्या बाइटसाठी जागा उरली ती तिच्या दोन्ही अंगांना, १२९ ते १५९ ही ३१ घरं आणि २२४ ते २३९ ही १६ घरं. एकूण ४७. आता ९४ गुणिले ९४ म्हणजे ८,८३६ अक्षरं ४७ दारांतून आत घ्यायची, तर प्रत्येक दारामागे १८८ खोल्या हव्यात. वरच्या अर्ध्यात, १२८ पासून पुढे, इतक्या खोल्या नाहीतच. मग दुसरा बाइट खाली उतरवला, इंग्रजीच्या वस्तीत. ६४ ते १२६, आणि पुढे १२८ ते २५२. मोजून पाहा, ६३ आणि १२५, बरोबर १८८. ४७ गुणिले १८८, पुन्हा ८,८३६. एकही घर वाया नाही! टिच्चून बसवलेला हिशेब.

पण ६४ ते १२६ या वस्तीत ९२ नंबरचं घरही आहे. तिथं जपानी माणसाच्या मते येन राहतो आणि प्रोग्रामच्या मते बॅकस्लॅश. शिफ्ट जिसमुळे आता त्याच घरात कित्येक कांजींची शेपटंही राहायला आली.

कोणाकोणाची? 'ओमोते'चा पहिला बाइट १४९, दुसरा ९२. 'सोफ्टवेअर'ची सुरुवात करणारा कातकाना 'सो' हा १३१ आणि ९२. 'क्षमता' या अर्थाचं 'नो' अक्षर १४८ आणि ९२. 'योतेइ' म्हणजे नियोजन, त्यातलं पहिलं अक्षर १५१ आणि ९२. 'दहा' हा आकडा १४३ आणि ९२. अर्ज करणे, चिकटवणे, रचना, अफवा... सगळ्यांची शेपटं ९२. बरं, ही काही कोपऱ्यातली अक्षरं नव्हेत. 'ओमोते'चंच अक्षर 'ह्योजि' या शब्दात येतं, आणि 'ह्योजि' म्हणजे स्क्रीनवर दाखवणे! 'किनो' म्हणजे संगणकाची सोय किंवा फंक्शन, त्यात 'नो' आहे. म्हणजे जपानी प्रोग्रामर ज्या शब्दांशिवाय दिवस काढू शकत नाही, नेमके तेच शब्द बाधलेले. म्हणून ही 'दामे मोजी'. सोळाच्या पटीतल्या अंकलेखनात ९२ ला 'पाच सी' म्हणतात, म्हणून याला 'पाच सी'ची भानगड असंही नाव आहे.

आता माझ्या पत्र्यांचं काय झालं ते उलगडेल. प्रोग्रामनं लिहिलं: अवतरणचिन्ह, सतरा, ओमोते, अवतरणचिन्ह. पण जुन्या डेटाबेसला कांजी कळत नव्हती, तो एकेक बाइट सुटा वाचत होता. 'ओमोते'चं शेपूट त्याला बॅकस्लॅश वाटलं. बॅकस्लॅशनंतर अवतरणचिन्ह, म्हणजे हा शेवट नव्हे. मग मजकूर संपलाच नाही, हुकूम अर्धवट, चूक, नोंद बाद. 'उरा'चे बाइट १५१ आणि १६०, निरुपद्रवी. ती सुखरूप पोचली.

सेन्पाइंनी मला पिढीजात औषध शिकवलं. बाधलेल्या अक्षरामागे हातानं आणखी एक बॅकस्लॅश टाकायचा. काट्यानं काटा. यंत्र एक खातं, एक उरतं, अक्षर शाबूत. ही युक्ती इथल्या एका पिढीच्या बोटांत बसली होती. आणि औषध जिथं गरज नाही तिथं दिलं गेलं की उरलेला बॅकस्लॅश येनच्या रूपात पानावर उमटायचा. जुन्या जपानी वेबपानांवर 'क्षमता' किंवा 'नियोजन' या शब्दांच्या मधोमध अकारण एक ¥ लटकलेला दिसायचा, तो हाच. कुणीतरी वाटेत नाणं पाडून गेल्यासारखा.

मीही ते औषध वापरलं, १२० पत्रे पुन्हा मोजले. पुढच्या बाजूनं भट्टीची धग जास्त बसत होती आणि तिथला लेप चांगलाच पातळ झाला होता. माझा सुंदर आलेख केराच्या टोपलीत गेला. सेन्सेईंनी प्रश्न विचारला नसता तर तो निबंधात छापून आला असता, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

*

इथवर ही नुसती डोकेदुखी होती. पुढे ती धोका झाली.

आपल्याकडे 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार सगळ्यांना ठाऊक आहे. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. आख्यायिका अशी की राघोबादादांनी लिहिलं होतं 'धरावे' आणि आनंदीबाईंनी एक अक्षर बदलून केलं 'मारावे'. इतिहासकार त्याचं काय करायचं ते करोत. हुकमाच्या मजकुरात एक अक्षर घुसलं की हुकूमच बदलतो, ही भीती मात्र मराठी माणसानं वाक्प्रचारात जपून ठेवली आहे. डेटाबेसच्या जगात याला 'एसक्यूएल इंजेक्शन' म्हणतात. १९९८ च्या डिसेंबरात 'फ्रॅक' या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात त्याची पहिली जाहीर मांडणी आली. नावाच्या रकान्यात नावाऐवजी अवतरणचिन्ह आणि त्यापुढे स्वतःचा हुकूम लिहायचा. प्रोग्राम बेसावध असेल तर मजकूर अवतरणचिन्हापाशी संपतो आणि उरलेलं डेटाबेस हुकूम म्हणून पाळतो. गिऱ्हाइकांची यादी दे, म्हटलं की देतो.

बॅकस्लॅश लावून अवतरणचिन्हं बांधून टाकली की झालं, असं बहुतेकांना वाटत होतं. पण शिफ्ट जिसमध्ये बघा काय होतं. या वेळी डेटाबेसला कांजी कळते, पण मजकूर बांधणाऱ्या प्रोग्रामला कळत नाही, असं समजा. हल्लेखोर पाठवतो एक एकटा १३१, म्हणजे अक्षराचं नुसतं डोकं, धड नाही, आणि त्यापुढे अवतरणचिन्ह. प्रोग्राम इमानेइतबारे अवतरणचिन्हाआधी बॅकस्लॅश घालतो. झालं १३१, ९२, ३९. डेटाबेस वाचतो: १३१ आणि ९२ म्हणजे 'सो'. आणि पुढचं अवतरणचिन्ह मोकळं! पहारेकऱ्यालाच चोरानं धडाला जोडून घेतलं. रक्षणासाठी लावलेल्या खुणेनंच दार उघडलं.

२३ मे २००६ रोजी पोस्टग्रेसनं आपल्या चार आवृत्त्यांच्या दुरुस्त्या एकदम काढल्या, त्या याच कारणानं. जपानात हा डेटाबेस फार लोकप्रिय. जपानी अक्षरं त्याला नीट कळावीत म्हणून १९९० च्या दशकात तात्सुओ इशिइ यांनी मोठं काम केलेलं, आणि वापरकर्त्यांची संघटना इथं १९९९ पासून. दुरुस्ती दोन कलमी होती. एक, मोडकं, अर्धवट अक्षर आलं तर डेटाबेसनं ते दारातच परत पाठवायचं. दोन, शिफ्ट जिससारख्या लिपीसंकेतांत (चिनी आणि कोरियन भाषांचेही काही यात होते) 'बॅकस्लॅश अधिक अवतरणचिन्ह' ही जोडी स्वीकारायचीच नाही. मायएसक्यूएललाही त्याच सुमारास तसलीच दुरुस्ती करावी लागली. आणि पोस्टग्रेसच्या २०११ च्या आवृत्तीपासून साध्या लिटरलमध्ये बॅकस्लॅश हे नुसतंच एक चिन्ह राहिलं, विशेष अधिकार गेले.

गंमत म्हणजे अवतरणचिन्ह दोनदा लिहायचा तो जुना, प्रमाणरूपातला उपाय शिफ्ट जिसमध्येही टिकतो. कारण कांजीचा दुसरा बाइट ६४ च्या खाली कधी उतरत नाही आणि अवतरणचिन्ह आहे ३९ वर. अक्षरं धड असतील तर दोघांची गाठच पडत नाही. प्रमाणरूप पाळलं असतं तर निम्मं रामायण टळलं असतं.

*

जपानी लोकांची एक सवय मला आवडते. चूक झाली की ते पुस्तिका काढतात :-) इथल्या 'आयपीए' या सरकारी आधाराच्या संस्थेनं २००६ च्या जानेवारीत सुरक्षित संकेतस्थळं बांधण्यावर पुस्तिका काढली. आणि मार्च २०१० मध्ये तिला जोड म्हणून आणखी एक, संपूर्णपणे याच विषयावर, की एसक्यूएलचा हुकूम सुरक्षितपणे कसा घडवावा, लिटरल कसं लिहावं, कोणत्या डेटाबेसात कोणत्या खुणा बांधाव्या. एका अवतरणचिन्हासाठी अख्खी पुस्तिका! पण तिचा मुख्य सल्ला असा, की बांधाबांधीच्या भरवशावर राहूच नका. हुकूम आणि मजकूर वेगवेगळे पाठवा.

ते कसं? एसटी फलाटाला लागली की आपण खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतो ना, तसं. हुकूम आधी पाठवायचा, त्यात मजकुराच्या जागी नुसता रुमाल. डेटाबेस हुकमाचा अर्थ लावून मोकळा होतो. मग मजकूर मागून येतो आणि रुमालाच्या जागी बसतो. आता त्यात अवतरणचिन्ह असो, बॅकस्लॅश असो, 'ओमोते' असो, हुकमाचा अर्थ लावून झालेला आहे. प्रवाशाला प्रवासी म्हणूनच बसावं लागतं, ड्रायव्हर होता येत नाही. ध चा मा करायला 'ध' हाताशीच येत नाही.

आणि हे न करणं हा निव्वळ आळस नाही, हलगर्जीपणा आहे, यावर इथल्या न्यायालयानं शिक्का मारला. घरसजावटीच्या वस्तू विकणाऱ्या एका कंपनीच्या संकेतस्थळावरून २०११ मध्ये गिऱ्हाइकांच्या क्रेडिट कार्डांची माहिती गेली. संकेतस्थळ बनवणाऱ्यांचं म्हणणं, करारात एसक्यूएल इंजेक्शनचा उल्लेखच नव्हता. २३ जानेवारी २०१४ रोजी टोकियो जिल्हा न्यायालयानं निकाल दिला. या धोक्याबद्दल उद्योग मंत्रालयानं २००६ मध्येच सावध केलं होतं. जाणकारानं तो उपाय न सांगता करायला हवा होता. भरपाईवर करारात घातलेली मर्यादाही इतक्या मोठ्या निष्काळजीपणाला लागू नाही. भरपाई सुमारे २ कोटी २६ लाख येन. सुतारानं दाराला कडी लावावी हे करारात लिहावं लागत नाही, असाच त्याचा अर्थ.

*

तुम्ही म्हणाल, हे सगळं जपान्यांचं दुखणं, आपल्याला काय त्याचं? तर आता घरचं ऐका.

युनिकोड रुळण्याआधी आपण मराठी कशी लिहीत होतो? फाँट बदलून. आत मजकूर इंग्रजी चिन्हांचाच, वर फक्त देवनागरीचे मुखवटे. टायपिंगवाल्यांच्या सवयीचा कृतीदेव फाँट घ्या. त्यात अर्धा श कुठे आहे? एकेरी अवतरणचिन्हाच्या बटणावर! 'शिंदे' असं टंकलं की संगणकाच्या पोटात जातं ते एफ, अवतरणचिन्ह, के, ए, एन, एस. म्हणजे कृतीदेवातला प्रत्येक शिंदे, प्रत्येक शरद, प्रत्येक शांताबाई डेटाबेससमोर डिमेलोच्याच रांगेत उभी. देशमुख, शेख, शहा... अर्ध्या गावाची यादी. जपान्यांची निदान अक्षराची शेपटं गुंतली होती. आपण तर अवतरणचिन्हालाच 'श'चं मुंडासं बांधून बसलो होतो.

आणि एक चांगली तुलना. २०१० मध्ये रुपयाची नवी खूण ठरली. तिला कुणाच्या घरात घुसवावं लागलं नाही. त्याच वर्षी युनिकोडनं तिला स्वतःचा वेगळा क्रमांक दिला. तोवर जग तेवढं शहाणं झालं होतं. १९६९ च्या जपानकडे १२८ घरांचा वाडा होता, नवा भाडेकरू आणायचा तर जुना काढावाच लागायचा. युनिकोडच्या यूटीएफ-८ या संकेतात, जो केन थॉम्सन आणि रॉब पाइक यांनी १९९२ मध्ये आखला, मोठ्या अक्षराचा कुठलाही बाइट १२८ च्या खाली उतरत नाही. म्हणजे अवतरणचिन्हाच्या किंवा बॅकस्लॅशच्या घरात कोणाचंच शेपूट जात नाही, ना 'ओमोते'चं, ना आपल्या 'श'चं. तुम्ही आज हे मराठी वाचताय ते याच संकेताच्या कृपेनं.

मग संपलं का? नाही. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी पोस्टग्रेसनं पुन्हा एक दुरुस्ती काढली. मजकूर अवतरणचिन्हांत बसवून देणारी त्यांची स्वतःची फंक्शनं मोडक्या, अर्धवट अक्षरापुढे फसत होती. एका दूरस्थ-मदतीच्या सॉफ्टवेअरवरच्या हल्ल्याचा अभ्यास करताना हे सापडलं. डोकं आहे, धड नाही, आणि मागे अवतरणचिन्ह. एकोणीस वर्षांनी तोच चोर, त्याच खिडकीतून.

मला यातून उमगलं ते इतकंच. दामे मोजी म्हणून काही नसतं. डिमेलोचं आडनाव अवैध नसतं, शिंद्यांचं नसतं, ओमोतेचंही नसतं. कुठल्याशा घाईच्या दिवशी कुणीतरी हुकमाची खूण आणि माणसाचं अक्षर एका खोलीत कोंबलेलं असतं, आणि मग भांडण झालं की आपण अक्षरालाच नालायक म्हणतो, कारण अक्षर बदलायला सांगणं सोपं पडतं.

पुढे लॅबचा सगळा डेटा नव्या डेटाबेसात, यूटीएफ-८ मध्ये नेला. रुमाल टाकूनच, तिथं कसूर केली नाही. पण औषध दिलेल्या त्या १२० नोंदी काही मी साफ केल्या नाहीत. अजूनही उघडल्या की 'सतरा ओमोते' आणि त्यामागे एक ¥ लटकलेला दिसतो. नवीन विद्यार्थी विचारतात, हा येन कसला? पत्र्याची किंमत का?

एका अर्थी, हो. किंमतच म्हणायची.